चौकट किती रुंद असावी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बडनेरा हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी गाडी बदलताना ऐकलं असेल. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीतून उतरायचं आणि दहा किलोमीटरवरच्या अमरावतीला जायचं, एवढीच आमच्या गावाची ओळख. पण स्टेशनच्या पलीकडे गाव आहे, जुनी वस्ती आहे, नवी वस्ती आहे, आणि तिथे माझं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. १९८९ पासून मी लग्नांची शूटिंग करतो. साक्षगंध, हळद, मांडव, वरात, पंगत, पाठवणी. आजूबाजूच्या गावांतली किती लग्नं या खांद्यावरून गेली याचा मी हिशेब ठेवला नाही.

आज मला बोलायचं आहे ते चौकटीबद्दल. म्हणजे पडद्याच्या आकाराबद्दल. चित्र किती रुंद असावं आणि किती उंच? प्रश्न ऐकायला साधा आहे. टीव्हीच्या दुकानात आपण तो इंचात विचारतो. पण या प्रश्नाला सव्वाशे वर्षांहून जास्त इतिहास आहे आणि तो इतिहास फिरत फिरत आपल्या घरातल्या कपाटात, लग्नाच्या कॅसेटपर्यंत येऊन पोचलेला आहे. तो मला कुणी पुस्तकातून शिकवला नाही. एका चुकीने शिकवला. ती चूक माझी होती. ती शेवटी सांगतो, कारण तिचा अर्थ कळायला आधी थोडं मागे जावं लागेल.

सुरुवात अमेरिकेत झाली. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन नावाचा माणूस हलत्या चित्रांचं यंत्र तयार करत होता. ईस्टमनच्या कारखान्यातून आलेली सत्तर मिलिमीटर रुंदीची फिल्म त्याने मधोमध चिरली. झाली पस्तीस मिलिमीटर. दोन्ही काठांना भोकं पाडली आणि दर चार भोकांमागे एक चित्र बसवलं. ते चित्र एक इंच रुंद आणि पाऊण इंच उंच होतं. म्हणजे चारास तीन. हे १८९० च्या दशकाच्या सुरुवातीचं. पुढे जगातले बहुतेक सगळे याच मापाने चालले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, तीही जवळपास याच आकाराची. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तोही याच चौकटीत. नाशिकच्या बाजूचा हा आपला माणूस विलायतेतून कॅमेरा घेऊन आला, तेव्हा चौकटीचं माप त्या कॅमेऱ्यासोबतच आलं. ते कुणी निवडलं नव्हतं. ते फिल्मच्या पट्टीतच होतं.

मग आवाज आला. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, आपला पहिला मराठी बोलपट. आवाजाची रेघ फिल्मच्या काठावर छापायची म्हणजे चित्राची थोडी जागा तिला द्यावी लागली. चित्र अरुंद झालं, जवळपास चौरस दिसू लागलं. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या अकादमीने यावर तोडगा काढला. चित्राची उंचीही थोडी कमी केली आणि प्रमाण पुन्हा पूर्वीच्या जवळ आणलं: उंची एक, तर रुंदी एक पूर्णांक सदतीस शतांश. १९३६ चा ‘संत तुकाराम’ आठवा. आवली, म्हैस, घर, अंगण हे सगळं त्याच आटोपशीर चौकटीत आहे आणि कुठे काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. माणूस उभा आहे, त्याच्या डोक्यावर थोडं आभाळ आहे, पायाखाली थोडी माती आहे. चारास तीनची चौकट माणसाच्या मापाची होती, असं मला धंद्यातल्या अनुभवाने वाटतं.

मग ती मोडली कुणी? टीव्हीने. आणि गंमत पाहा, टीव्हीने ती मोडली नाही, उलट उचलली. टीव्ही आला तेव्हा सिनेमाचाच आकार त्याने घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरोघर टीव्ही गेले आणि थिएटरं रिकामी पडायला लागली. घरच्या डब्यात जे दिसतं, त्याच आकाराचं पाहायला माणूस पैसे मोजून का जाईल? तेव्हा सिनेमावाल्यांनी ठरवलं की घरात मावणार नाही असं काहीतरी दाखवायचं. १९५२ मध्ये ‘सिनेरामा’ आला. तीन कॅमेरे, तीन प्रोजेक्टर आणि एक प्रचंड वाकडा पडदा. तो खर्च कुणाला झेपणार? मग ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीला एका फ्रेंच माणसाची आठवण झाली. हेन्री क्रेत्यें. त्याने १९२० च्या दशकातच एक भिंग केलं होतं. हे भिंग रुंद दृश्य आडवं दाबून नेहमीच्या पस्तीस मिलिमीटरच्या पट्टीत बसवायचं. दाखवताना तसंच दुसरं भिंग लावलं की दबलेलं चित्र पुन्हा दुप्पट रुंद उघडायचं. घडी घातलेलं लुगडं उकलावं तसं. याचं नाव ठेवलं सिनेमास्कोप. त्यातला पहिला चित्रपट ‘द रोब’, साल १९५३.

त्याच १९५३ साली आपल्याकडे आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आला. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. एकीकडे अमेरिकेत पडदा अडीचपट रुंद होत होता आणि इकडे जुन्याच चौकटीत एक आई आणि एक मुलगा उभ्या महाराष्ट्राला रडवत होते. पडदा रुंद झाला म्हणजे सिनेमा मोठा होतो असं नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

भारतात सिनेमास्कोप आणला गुरुदत्त यांनी. १९५९ चा ‘कागज के फूल’. कॅमेरामन व्ही. के. मूर्ती. ज्या चित्रपटात एक दिग्दर्शक रिकाम्या स्टुडिओत एकटा पडतो, त्यासाठी त्यांनी सगळ्यात रुंद चौकट निवडली. रुंद चौकट गर्दीसाठी असते असं आपण समजतो. मूर्तींनी ती एकटेपणासाठी वापरली. माणूस एका काठाला आणि बाकीचा सगळा पडदा अंधार, मोकळी जागा आणि उन्हाचा एक झोत. चित्रपट त्या वेळी चालला नाही. पण पुढे मूर्तींना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो मान मिळवणारे ते पहिले कॅमेरामन.

आता हे सगळं आमच्या वऱ्हाडात कसं पोचलं?

चित्रपट वितरणाच्या नकाशात आपल्या भागाला आजही सी. पी. बेरार म्हणतात. मध्य प्रांत आणि वऱ्हाड. राज्यं बदलली, नकाशे बदलले, पण सिनेमाच्या धंद्याने ते जुनं नाव सोडलं नाही. या भागाच्या वितरकांची कचेरी म्हणजे अमरावती, आणि वितरकांची संघटना भुसावळला. मुंबईत चित्रपट तयार झाला की त्याच्या प्रती पत्र्याच्या डब्यांत, डबे पेटीत, आणि पेट्या रेल्वेने यायच्या. मी लहान असताना बडनेऱ्याच्या फलाटावर अशा पेट्या पाहिल्या आहेत. पेटीवर रंगाने चित्रपटाचं नाव लिहिलेलं असायचं. हमाल ती ढकलत न्यायचा आणि आम्ही पोरं मागे मागे. आत हेमामालिनी आहे की धर्मेंद्र, याची पैज लागायची.

टॉकीजच्या मागच्या बाजूला तुटलेल्या फिल्मचे तुकडे पडलेले असत. ते आमचं धन. जळालेल्या बल्बचं डोकं काढून त्यात पाणी भरायचं, ते झालं भिंग. आरशाने उन्हाची तिरीप घरात घ्यायची, मध्ये फिल्मचा तुकडा धरायचा आणि भिंतीवर सिनेमा. एकदा मला एक तुकडा सापडला, त्यातला हिरो काडीसारखा बारीक होता. उंच आणि बारीक. बाजूची गाडीसुद्धा उभट. मला वाटलं, तुकडा खराब आहे. मी तो ओळखीच्या ऑपरेटर काकांना दाखवला. ते हसले. म्हणाले, “खराब नाही बाबू, स्कोप आहे. आमच्याकडे याचं वेगळं भिंग असते. थे लावलं का माणूस सरका होते.”

चौकट ही बनवलेली गोष्ट असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ऑपरेटरच्या खोलीत दोन भिंगं असायची. एक साध्या चित्रपटासाठी, एक स्कोपसाठी. स्कोपचा चित्रपट असला की खाली पडद्याच्या दोन्ही बाजूंचे काळे पडदे सरकवावे लागत. मध्येच बदल करायला कुणी विसरलं तर पब्लिक शिट्ट्या मारायची. बहिरमच्या जत्रेतल्या तंबूत तर पडदाच मुळात लहान. तिथे स्कोप लावलं की दोन्ही बाजूंचा सिनेमा कनातीवर जायचा. नायिका पडद्यावर आणि खलनायक कनातीवर, असं मी पाहिलेलं आहे.

सत्तर मिलिमीटरचाही जमाना होता. १९६७ चा ‘अराउंड द वर्ल्ड’ हा आपला पहिला सत्तर एमएम चित्रपट. पण लोकांच्या तोंडी ते नाव बसवलं १९७५ च्या ‘शोले’ने. खरं म्हणजे ‘शोले’चं चित्रीकरण पस्तीस मिलिमीटरवरच झालं. कॅमेरामन द्वारका दिवेचा. नंतर ते मोठं करून सत्तर मिलिमीटरच्या प्रती काढल्या. मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालला. पण लहान गावांत सत्तर मिलिमीटरचा प्रोजेक्टर कुठला? तिथे पस्तीसचीच प्रत यायची. म्हणजे एकच ‘शोले’, पण मुंबईच्या माणसाने पाहिलेला वेगळा आणि खेड्यातल्या माणसाने पाहिलेला वेगळा. ज्याची त्याची चौकट.

आणि मग टीव्ही आपल्याकडे आला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्याकडे वऱ्हाडात घरोघर अँटेना दिसायला लागल्या त्या ऐंशीच्या दशकात. १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी बडनेऱ्याचे रस्ते ओस पडायचे. टीव्हीचा आकार तोच जुना, चारास तीन. मालिका त्याच मापाने काढलेल्या, त्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते स्कोपच्या चित्रपटांचं.

अडीचपट रुंद चित्र जवळपास चौकोनी डब्यात कसं बसवणार? दोनच रस्ते. एक, पूर्ण चित्र दाखवायचं आणि वर-खाली काळे पट्टे सोडायचे. दुसरा, चित्राचा मधला भाग मोठा करून काठ कापून टाकायचे. लोकांना काळे पट्टे आवडत नाहीत. “आमचा टीव्ही अर्धाच चालू आहे का?” असं वाटतं. म्हणून काठ कापले गेले. हिशेब करून पाहा. स्कोपचं प्रमाण दोन पूर्णांक पस्तीस आणि टीव्हीचं एक पूर्णांक तेहेतीस. काठ कापल्यावर उरतं सत्तावन्न टक्के. म्हणजे रुपयातले सात आणे चित्र गेलं. दोन माणसं बोलत आहेत आणि पडद्यावर फक्त मधली फुलदाणी दिसते आहे, असे प्रसंग तुम्हीही पाहिले असतील. मूर्तींनी ज्या रिकाम्या जागेसाठी जीव ओतला, तीच जागा सगळ्यात आधी कात्रीत गेली.

मी या धंद्यात आलो तेव्हा खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा होता. चौकट एकच, चारास तीन. निवडायचं काही नव्हतं. हॅलोजनचा फोकस धरायला एक पोरगा, वायर सांभाळायला दुसरा. मांडवात मी शिरलो की आजीबाई डोळ्यांवर पदर घ्यायच्या. चौकटीचा विचार आम्ही करत नव्हतो. डोकं कापलं जाऊ नये आणि नवरीचे पाय दिसावेत, एवढंच गुरूने शिकवलेलं.

इकडे जगात मात्र नवीन मापाचा विचार सुरू होता. जपानने मोठ्या, स्पष्ट टीव्हीचे प्रयोग आधीच चालवले होते. पण नव्या टीव्हीचा आकार कोणता ठेवायचा? जुने चौकोनी कार्यक्रम आहेत, साधे सिनेमे आहेत, स्कोप आहे, सत्तर एमएम आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या कर्न्स पॉवर्स नावाच्या तंत्रज्ञाने साधा उपाय केला. प्रत्येक आकाराचा एक आयत घेतला, सगळ्यांचं क्षेत्रफळ सारखं ठेवलं, आणि त्यांचे मध्यबिंदू जुळवून ते एकावर एक मांडले. मग सगळ्यांना सामावून घेणारी बाहेरची चौकट मोजली. ती आली साधारण एक पूर्णांक सत्त्याहत्तर. आणि सगळ्यांना समान असलेला आतला भाग मोजला, तर त्याचंही प्रमाण तेच. म्हणजे सोळास नऊ. चारला चाराने गुणा, तीनला तीनाने गुणा, सोळा आणि नऊ येतात. जुन्या आकाराचाच वर्ग.

तर सोळास नऊ ही कुणा कलावंताची आवड नव्हे. ती तडजोड आहे. सगळ्या भावांना थोडं थोडं सोसावं लागेल, पण कुणाचंच घर बुडणार नाही, अशी वाटणी. आज तुमच्या भिंतीवरचा टीव्ही त्या वाटणीच्या आकाराचा आहे.

ही तडजोड माझ्या दुकानात आली ती मिनी डीव्हीच्या कॅमेऱ्यासोबत. कॅमेऱ्यावर एक बटण होतं, सोळास नऊचं. दाबलं की चित्र रुंद. मी खूश. २००६ च्या एका लग्नात ते दाबून सगळं शूटिंग केलं. आता त्या बटणाची गंमत सांगतो. डीव्हीचं चित्र पाचशे शहात्तर ओळींचं असायचं. माझ्या कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी चिप होती चौकोनीच. रुंद चित्र दाखवण्यासाठी तो कॅमेरा वरच्या आणि खालच्या ओळी सोडून द्यायचा. उरायच्या चारशे बत्तीस. त्याच ताणून पुन्हा पाचशे शहात्तर करायच्या. म्हणजे रुंदी वाढली नव्हती, उंची कमी झाली होती. मला वाटत होतं मी जास्त घेतोय, आणि मी कमी घेत होतो. खरोखर रुंद चिपचे कॅमेरे बाजारात आले होते, एचडीव्हीचे कॅमेरेही २००४ नंतर मिळू लागले, पण ते माझ्या खिशाबाहेर होते.

दुसरी फजिती मिक्सिंगमध्ये झाली. हे चित्र रुंद उघडायचं आहे ही खूण कुठेतरी निसटली. घरच्या जुन्या टीव्हीवर सीडी लावली तर सगळं वऱ्हाड उंच आणि बारीक. नवरदेव उदबत्तीसारखा. मला बल्बच्या भिंगातला तो काडीचा हिरो आठवला. नवरीच्या मामाचं वजन शंभर किलोच्या वर. ते एकटेच सीडी पाहून समाधानी होते. बाकीच्यांना मी पुन्हा करून दिली. हसण्यावारी गेलं.

पुढची गोष्ट हसण्यावारी गेली नाही.

२०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, त्या दूरदर्शनने एचडीत दाखवल्या. त्या सुमारास आमच्या भागातही सपाट, रुंद टीव्ही आले. आणि लोक जुन्या कॅसेट घेऊन दुकानात यायला लागले. “भाऊ, डीव्हीडी करून द्या.” जुनं चित्र चारास तीनचं, नवा टीव्ही सोळास नऊचा. पूर्ण चित्र दाखवलं तर आता डावी-उजवीकडे काळे पट्टे. पुन्हा तीच तक्रार, फक्त पट्ट्यांची जागा बदलली.

२०११ मध्ये जवळच्या एका गावातले गृहस्थ १९९८ च्या लग्नाची कॅसेट घेऊन आले. लग्न त्यांच्या मुलीचं, शूटिंग माझंच. मी पट्ट्यांसकट डीव्हीडी करून दिली. दुसऱ्या दिवशी ते परत आले. म्हणाले, “ह्या काया पट्ट्या काऊन येऊन राह्यल्या, भाऊ? एवढा मोठा टीव्ही घेतला तं पुरा भरला पाह्यजे.” मी त्यांना समजावलं नाही. तेवढा वेळ नव्हता, लग्नसराई होती. मी चित्र मोठं केलं, रुंदीला रुंदी जुळवली. वरचे दोन आणे आणि खालचे दोन आणे कापले गेले. पडदा भरला. ते खूश. कॅसेटला बुरशी धरली होती. “ही ठेवता का?” विचारलं, तर म्हणाले, “काय करायची आता?” मीच ती टाकून दिली. मांडवातल्या मूळ कॅसेटी तर केव्हाच पुसल्या होत्या. कॅसेट महाग असायची, एका लग्नाची कॅसेट आम्ही पुढच्या लग्नाला वापरत होतो.

तीन वर्षांनी त्यांचा पुतण्या आला. तिशीतला पोरगा. त्याची आई नुकतीच गेली होती. नवरीची ती काकू. शेतात राबणारी बाई, फोटो काढून घ्यायची तिला कधी सवय नव्हती. तो म्हणाला, “काका, त्या लग्नात माही माय असन. तिचा एखादा फोटो काढून द्या. मतदान कार्डावरचा हाय, पण थो पाहून मले माय आठवत नाही.”

आम्ही डीव्हीडी लावली. मंगलाष्टकं चालू होती. मला ते दृश्य आठवत होतं. खाली बसलेली माणसं आणि मागे ओट्यावर उभ्या असलेल्या बाया. १९९८ मध्ये मी मुद्दाम कॅमेरा थोडा वर धरला होता, ओट्यावरची डोकी कापली जाऊ नयेत म्हणून. गुरूने शिकवलं होतं तसं. पण २०११ मध्ये मीच वरचे दोन आणे कापले होते. पडद्यावर बायांची रांग दिसली, गळ्यापासून खाली. हिरवी लुगडी, बांगड्या, अक्षदा टाकणारे हात. तोंडं चौकटीच्या वर.

पोरगा पडद्याजवळ गेला. बोट ठेवून म्हणाला, “हे लुगडं तिचंच होय. हातही तिचेच होय. तोंड कुठी गेलं?”

मी त्याला खरं ते सांगितलं. कॅसेट कुठे गेली तेही सांगितलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. “पुन्हा एकडाव लावा,” एवढंच म्हणाला. आम्ही ते दृश्य दोनदा पाहिलं. मग त्याने विचारलं, “पैसे किती झाले?”

श्रोतेहो, तेव्हापासून मी चौकटीचा विचार करतो. फिल्मचं, भिंगाचं, चिपचं जे काही आज तुम्हाला सांगितलं, ते त्यानंतर शोधून, विचारून शिकलो. आणि त्यातून मला एक गोष्ट कळली. पडदा रुंद होतो तेव्हा दर वेळी जास्त दिसतंच असं नाही. पुष्कळदा कुठून तरी कापून ती रुंदी आणलेली असते. विचारायचं एवढंच, की कापलं काय?

मी रुंद चौकटीच्या विरोधात नाही. आज माझं सगळं काम सोळास नऊमध्येच होतं. आताच्या कॅमेऱ्याची चिप मुळातच रुंदीला जास्त असते, त्यामुळे काही गमवावं लागत नाही. आणि लग्नासाठी ही चौकट चांगली आहे. पंगत आडवी असते. वरात आडवी असते. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला नवरदेव. पूर्वी दोघांना एका चौकटीत घ्यायला मागे मागे जात मी एकदा मांडवाच्या खांबावर आदळलो होतो. आता तशी गरज पडत नाही. पण एकटी पाठमोरी चाललेली नवरी, दारात उभी राहिलेली आई, यांना रुंद चौकटीत बाजूची रिकामी जागा सांभाळावी लागते. तिथे खुर्च्यांचा ढीग दिसतो की रिकामं अंगण, हे शूटिंगवाल्याने पाहायला हवं. इंग्लंडमध्ये चौकोनी आणि रुंद दोन्ही टीव्ही एकाच वेळी घरोघर होते, त्या बदलाच्या काळात तिथल्या वाहिन्यांनी चौदास नऊची मधली चौकट काढली होती. शूटिंग रुंद करायचं, पण महत्त्वाचं माणूस काठाला ठेवायचं नाही. ही शिकवण मी आजही पाळतो. कारण पुढे कोणता पडदा येईल, सांगता येत नाही.

आणि आलाच की नवा पडदा. मोबाईल उभा धरतात, तर चित्रही उभं. सोळास नऊचं झालं नऊस सोळा. आता नवरीच्या मैत्रिणी म्हणतात, “काका, रील पण काढून द्या.” आडवं चित्र उभं करायचं म्हणजे दोन्ही बाजूंचे पाहुणे गेले. रुपयातले जवळपास अकरा आणे गेले. मी देतो काढून, पण वेगळं काढून. आडवं ते आडवं ठेवतो.

शेवटी तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या कपाटात लग्नाची, मुंजीची, बारशाची जुनी कॅसेट असेल तर ती लवकर काढा. बुरशी वाट पाहत नाही. दुकानात जाल तेव्हा सांगा, चित्र आहे त्या आकारात द्या, ताणू नका, कापू नका. दोन बाजूंना काळे पट्टे येतील. येऊ द्या. ते पट्टे म्हणजे टीव्हीचा दोष नाही आणि शूटिंगवाल्याचाही नाही. तुमचा जुना काळ आजच्या पडद्यापेक्षा वेगळ्या मापाचा होता, एवढाच त्यांचा अर्थ. आणि नक्कल हातात आली तरी मूळ कॅसेट टाकू नका.

माझ्या दुकानात आता एक लोखंडी कपाट आहे. त्यात मूळ चित्रीकरण ठेवतो, न कापलेलं. गिऱ्हाईक विचारतं, एवढं कशाला साठवता? मी म्हणतो, असू द्या. मागच्या रांगेत कोण उभं आहे, हे आज कुणाला माहीत असतं?